आजोबांनी चार शीट जोडून केलेला तोरणा–रायगड नकाशा: साल आणि वाटा ओळखायला मदत हवी

उंबरठा | ४ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

शनिवार पेठेतलं आमचं जुनं घर पुढच्या महिन्यात पाडायला जाणार आहे. माळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुन्या पंचांगांची चळत, खाली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक नकाशा. उघडला तर जवळपास पावणेतीन फूट लांब-रुंद. मागे मांजरपाट, खळीनं चिकटवलेला. घडीवर कापड तेवढं शाबूत आहे, कागद चिरलाय.

नीट पाहिल्यावर कळलं की हा एक नकाशा नाही, चार आहेत. आजोबांनी चार टोपोशीटांचे (सर्वेक्षण खात्याच्या भूरूप नकाशांचे) समास कात्रीनं कापून ती एकमेकांना जोडलीत. वर उजवीकडे तोरणा, खाली उजवीकडे राजगड, खाली डावीकडे रायगड, वर डावीकडे ताम्हिणी. चारही शीटांचा कोपरा जिथे मिळतो तो भाग मोहरी आणि सिंगापूर ही घाटमाथ्यावरची गावं आणि लिंगाणा किल्ला यांच्या आसपासचा.

समास कापल्यामुळे शीट क्रमांक, साल, प्रमाण, छापखाना सगळं गेलंय. उंची फुटात आहे. डोंगर तपकिरी रेषांनी काढलेत, कड्यांपाशी त्या इतक्या दाटल्यात की नुसता तपकिरी डाग दिसतो.

आजोबा भोर संस्थानात शाळा तपासनीस होते. गावोगावच्या शाळा पायी फिरून बघायचे, हे घरात ऐकलेलं. नकाशावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. तीन ठिकाणी मोडीत काहीतरी लिहिलंय, मला मोडी येत नाही. आणि एक गोष्ट मला चार दिवस झोपू देत नाहीये: सिंगापूरच्या बाजूनं एक छापील पायवाट घाटमाथ्याच्या कडेपर्यंत येते आणि दोन शीटांच्या जोडावर संपते. जोडाच्या पलीकडे कोकणाच्या बाजूला पायथ्याच्या दापोली गावाकडून वर येणारी वाट आहे, पण तिचं टोक या टोकाशी जुळत नाही. मधली जागा आजोबांनी पेन्सिलीनं जोडलीय. सर्वेवाल्यांना न सापडलेली वाट आजोबांना ठाऊक होती का?

साल कसं ओळखायचं आणि ही वाट कुठली, यात मदत हवी. फोटो जोडतेय.

---

नाळेतला | ४ जानेवारी, रात्री १०:२५

ताई, काय घबाड हाती लागलंय तुमच्या! हा भाग मी दर हिवाळ्यात फिरतो. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, निसणीची वाट, आग्या नाळ, फडताड, या सगळ्या घाट उतरायच्या वाटा याच जोडाच्या आगेमागे आहेत. आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी या चार शीटांच्या कोपऱ्यात अडकलाय. मोहरीत उभं राहून लिंगाणा बघायचा तर एका शीटावर आपण आणि दुसऱ्यावर लिंगाणा. आजोबांनी चारही जोडली यातच त्यांचं चालणं दिसतं. घरी बसून बघणारा माणूस हे करत नाही.

पेन्सिलीच्या रेघेचा जवळून फोटो टाकाल का? शेजारी फूटपट्टी ठेवा.

---

रेघोटी | ५ जानेवारी, सकाळी ७:१०

मी तीस वर्षं नकाशे काढण्याचंच काम केलं. आता निवृत्त आहे, पुण्यातच असतो. फोटो पाहून सकाळी चहा तसाच राहिला.

आधी क्रमांक. समास नसला तरी क्रमांक शोधता येतो. सर्वेक्षण खात्याच्या क्रमवारीत ४७ हा चार अंश गुणिले चार अंशांचा चौकोन, त्यात मुंबई, पुणे, महाबळेश्वर सगळं येतं. त्याचे सोळा भाग ए ते पी, एकेक अंशाचे. आपला भाग एफ, म्हणजे १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश. त्याचे पुन्हा सोळा, पंधरा-पंधरा कलांचे (एक अंश म्हणजे साठ कला). आकडे वरून खाली उतरतात, मग पुढच्या रांगेत वरून सुरू होतात. त्यामुळे तुमची शीट अशी: तोरण्याचं ४७ एफ/११, राजगडाचं ४७ एफ/१२, रायगडाचं ४७ एफ/८ आणि ताम्हिणीचं ४७ एफ/७. पुणे शहर ४७ एफ/१४ वर, सिंहगड ४७ एफ/१५ वर. राजगड एफ/१२ च्या वरच्या कडेला अगदी चिकटून आहे, त्यामुळे राजगड-तोरण्याची डोंगरधार दोन शीटांत तुटते. हे दुखणं जुनं आहे.

प्रमाण एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. आम्ही त्याला ‘एक इंची’च म्हणायचो. पुढे मेट्रिक आल्यावर त्याच हद्दींवर १:५०,००० ची शीट झाली, दोन कंटूरमधलं (समान उंचीच्या रेषांमधलं) ५० फुटांचं अंतर जाऊन २० मीटर आलं.

आता साल. तुम्हीच तीन गोष्टी बघून सांगा.
तपकिरी कंटूर आहेत, म्हणजे रंगीत नव्या धाटणीचा नकाशा. १९०५ च्या समितीनंतर भारतीय सर्वेक्षण खात्यानं हे नकाशे करायला घेतले. त्याआधीच्या नकाशांत डोंगर बहुतेक बारीक काळ्या रेघोट्यांनी, उताराच्या दिशेनं काढलेले असत.
तोरण्याच्या उत्तरेला आंबी नदीच्या खोऱ्यात निळं पाणी पसरलेलं आहे का? पानशेतचं धरण दिसतंय का?
वेल्ह्याच्या भागात संस्थानाची हद्द आखलीय का?

कृपा करून एक ऐका. नकाशाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. खळीच्या जोडात कसर (कागद खाणारी कीड) असते, आधी मऊ ब्रशनं मागची बाजू झाडून घ्या आणि घडी न घालता सपाट ठेवा.

---

उंबरठा | ५ जानेवारी, दुपारी १:३०

काका, बघितलं. पानशेत नाही. आंबी नुसती नदी आहे, दोन्ही काठांना शेतं आणि वाड्यांचे ठिपके. हद्दीची जाड तुटक रेघ आहे आणि इंग्रजीत ‘भोर स्टेट’ अशी विरळ, मोठी अक्षरं डोंगरावरून पसरलीत. पश्चिमेला ‘कोलाबा’.

---

रेघोटी | ५ जानेवारी, दुपारी २:०५

मग बसलं. कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला १९८१ साली, ती खूण ढोबळ. भोर विलीन झालं १९४८ साली. १९०५ नंतर आणि १९४८ च्या आधी, एवढ्यात तुमचा नकाशा बसतो. त्याहून नेमकं साल समासाशिवाय मी सांगणार नाही. अंदाज पुढे जाऊन ‘माहिती’ म्हणून फिरत राहतो, ते मला पटत नाही.

भोर संस्थानाच्या तालुक्यांची नावं किल्ल्यांवरून होती: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ, सुधागड. प्रचंडगड म्हणजे तोरणाच. आजोबांची तपासणी या प्रचंडगड तालुक्यात असणार.

---

धरणापलीकडची | ५ जानेवारी, रात्री ११:१५

उंबरठाताई, एक विनंती आहे. आंबी खोऱ्याच्या त्या भागाचा मोठा फोटो टाकाल का? आमचं गाव पानशेतच्या पाण्याखाली आहे. गाव बुडालं तेव्हा माझी आई तेरा वर्षांची होती. आजवर गावाचा एक फोटोही आम्ही पाहिलेला नाही.

---

उंबरठा | ६ जानेवारी, सकाळी ६:४०

आत्ताच काढला, उन्हं आल्यावर. चार तुकड्यांत टाकलाय, म्हणजे अक्षरं वाचता येतील.

---

अक्षांश | ६ जानेवारी, सकाळी १०:००

फोटोवरून मी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून बघितलं. नकाशावर दर पाच कलांनी बारीक रेषा आहेत, त्यांचे छेद धरून चारही शीट वेगवेगळी बसवली. चारही एकदम बसवायला जाऊ नका, जोडामुळे सगळं ताणलं जातं.

उपग्रहाच्या चित्रावर ठेवलं तर तोरण्याचा बालेकिल्ला शे-सव्वाशे मीटर सरकलेला दिसतो. ही सर्वेची चूक नाही. हे नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर बेतलेत, मोबाईलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. पृथ्वीचा आकार दोघांनी वेगळा धरलाय, एवढंच. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच मोबाईलमध्ये घालून कुणी कड्यापाशी जाऊ नये म्हणून मुद्दाम सांगतोय. घाटमाथ्यावर शंभर मीटरमध्ये माणूस हवेत असतो.

---

नाळेतला | ६ जानेवारी, सकाळी १०:४०

माझ्याकडे याच भागाचा एकोणिसाव्या शतकातला पाव इंची ॲटलसचा स्कॅन आहे, तो तर चार किलोमीटरच्या वर सरकतो. त्याचं काय?

---

अक्षांश | ६ जानेवारी, सकाळी ११:२०

तो मद्रासचा हिशेब. तेव्हाची सगळी रेखांशं मद्रास वेधशाळेवरून मोजत. ग्रिनिचपासून मद्रास किती लांब, हा आकडाच सुमारे अडीच कला जास्त धरला गेला होता. आपल्या अक्षांशावर एक कला रेखांश म्हणजे पावणेदोन किलोमीटर, म्हणजे साडेचारच्या आसपास. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती झाली. गंमत बघ, आतल्या आत सगळं बरोबर आहे. तोरण्यापासून राजगड तितकाच लांब आहे. आख्खा देशच पूर्वेला सरकलाय.

---

रेघोटी | ६ जानेवारी, दुपारी ४:३०

अक्षांश यांनी छान सांगितलं. त्याला थोडी पुस्ती.

आपण या रेषा संगणकावर बघतो तेव्हा त्या कशा आल्या ते विसरतो. पावसाळा संपला की सर्वेची तुकडी बाहेर पडायची. तिवईवर प्लेन टेबल, त्यावर कागद, त्यावर आधीच गणितानं बसवलेले त्रिकोणमितीचे दोन-चार बिंदू. त्या बिंदूंवरच्या डोंगराकडे पट्टी रोखून आपली जागा काढायची, मग समोरच्या प्रत्येक सोंडेचा, ओढ्याचा, वाडीचा वेध घ्यायचा, कोन मोजून उंची काढायची आणि उभ्या उभ्या डोळ्यांनी डोंगर बघत कंटूर ओढायचे. टेबल, झेंडे, साखळी डोक्यावर घेऊन चढणारे खलाशी, म्हणजे सर्वेचे मजूर, असत. वाट दाखवायला गावातला माणूस. वैशाखापर्यंत काम, मग पावसाळ्यात कचेरीत बसून शाईचं रेखाटन. पुणं या कामाचं मोठं ठिकाण. मुंबई इलाख्याचे कितीतरी नकाशे पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक कचेरीत छापलेले आहेत. ‘फोटोझिंको’ हे नाव इथल्या सरकारी मुद्रणालयाला अजून आहे, फोटोवरून जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापायची ती पद्धत.

सह्याद्रीची ही बाजू काढणं फार अवघड. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरलेत, थराची कड तुटली की सरळ कातळटप्पा, मग थोडी सपाटी, पुन्हा टप्पा. कंटूर सपाटीवर लांब पळतात आणि टप्प्यावर एकमेकांत मिसळतात. नाळ म्हणजे त्या भिंतीतली चीर. एक इंची नकाशावर एका मिलीमीटरात ६३ मीटर येतात. नाळ किती रुंद असते ते नाळेतला सांगतील. ती कागदावर केसाएवढी मावते. तरी ती दाखवलीय, आणि जागच्या जागी दाखवलीय. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

उंबरठाताई, तुमच्या त्या तुटलेल्या वाटेबद्दल माझ्या मनात एक शंका आहे. शीट दोन वेगळ्या हंगामांत झाली असली तरी कडा जुळवून घेण्याचा नेम असे. त्यामुळे आजोबांनी कात्री कुठे चालवली ते आधी बघूया. जोडावर पाच कलांच्या दोन रेषांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजाल?

---

उंबरठा | ६ जानेवारी, रात्री ८:५५

मोजलं, तीनदा. जोडाच्या डावीकडच्या रेषेपासून उजवीकडच्या रेषेपर्यंत २७५ मिलीमीटर. बाकी ठिकाणी, जिथे जोड नाही, तिथे पाच कलांचं अंतर १३९.

---

अक्षांश | ६ जानेवारी, रात्री ९:२०

१३९ च्या दुप्पट २७८. कागद आक्रसला असता तर १३९ सुद्धा कमी भरलं असतं. म्हणजे जोडात तीन मिलीमीटर गेलेत. जमिनीवर १९० मीटर. आणि तो जोड ७३ अंश ३० कलांवर, अगदी घाटमाथ्याच्या धारेला लागून. १९० मीटर म्हणजे तिथे आख्खा कडा झाला.

---

रेघोटी | ६ जानेवारी, रात्री ९:४०

मला वाटलं तेच. एक कागद दुसऱ्यावर चढलाय. ओढून सोडवू नका! सकाळी खिडकीच्या काचेला धरा, ऊन मागून येऊ द्या. मांजरपाट पातळ असेल तर खालची छपाई दिसेल.

---

मोडीवाचक | ७ जानेवारी, सकाळी ९:१५

पेन्सिलीच्या मजकुराचे फोटो पाहिले. हात वळणदार आहे, शिरोरेघ आधी एका दमात ओढून मग अक्षरं लटकवलीत, जुन्या शाळेतला हात.

पहिला मजकूर, तोरण्याच्या पायथ्याशी: ‘शाळा. मुले १७’. बाकी पुसट आहे.

दुसरा, पेन्सिलीच्या वाटेच्या सुरुवातीला: ‘बैल उतरत नाही. मनुष्य ओझ्यासह उतरतो’.

तिसरा, त्याच वाटेच्या मध्यावर: ‘उबराखाली पाणी फाल्गुन अखेर पावेतो’. मोडीत अनुस्वार बहुधा देत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. त्यामुळे हे ‘उंबराखाली’ असावं. पण ते एखाद्या जागेचं नावही असू शकतं. गावातल्या माणसानं सांगितल्याशिवाय मी ठाम म्हणणार नाही.

---

उंबरठा | ७ जानेवारी, सकाळी ११:३०

हात थरथरतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

काचेला धरला. वरच्या कागदाखालून छापील रेघ दिसते! सिंगापूरकडून आलेली तुटक वाट जोडाखाली जाते, किंचित उत्तरेला वळते आणि कोकणातल्या वाटेला बरोबर मिळते. म्हणजे सर्वेवाल्यांनी वाट सोडली नव्हती. आजोबांच्या कात्रीखाली ती झाकली गेली.

पण आजोबांची पेन्सिल तिथून जात नाही. ती छापील वाटेपासून दक्षिणेला फुटते, ‘उबराखाली पाणी’पाशी जाते आणि खाली पुन्हा छापील वाटेला मिळते. झाकलेलं टोक जोडायचं असतं तर त्यांनी सरळ रेघ मारली असती.

---

वेल्ह्याचा_पोर | ७ जानेवारी, रात्री १०:४५

कामावरून आत्ता घरी आलो, सगळा धागा बसून वाचला. मी धायरीला राहतो, आमचं गाव वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला. मामाचं गाव सिंगापूर.

ताई, नाळेतनं उतरायची वाट वेगळी आणि पाण्याची वाट वेगळी. आमच्याकडं लहानपणी म्हातारी माणसं असंच म्हणायची, ‘पाण्यानं जा’ नाहीतर ‘नाळंनं जा’. कोकणात भाताला, मिठाला, सोयरिकीला माणसं ये-जा करायची. उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्यानं जायची, पावसाळ्यानंतर नाळंनं. मी स्वतः पाण्यानं कधी गेलेलो नाही. आता दरडीनं काय राहिलंय तेही बघायला लागंल.

उंबर म्हणजे झाडच. पण ते आहे का नाही ते मामाला विचारतो.

आणि एक बोलू का? नेटवरच्या नकाशांत आमच्या जागांची नावं वाचून जीव तुटतो. मढे घाटाला पोरं ‘मधे घाट’ म्हणत्यात. इंग्रजीत लिहिलेलं वाचून. तानाजी मालुसऱ्यांचं मढं सिंहगडावरनं त्या वाटेनं उमरठ्याला नेलं असं आमच्याकडं सांगतात, म्हणून मढे. ‘मधे’ म्हटलं की ते सगळंच पुसलं जातं.

---

मोडीवाचक | ८ जानेवारी, सकाळी ८:३०

वेल्ह्याचा पोर यांनी नेमकं दुखणं सांगितलं. रोमन लिपीत ढ आणि ध एक, ळ आणि ल एक, ट आणि त एक, ण आणि न एक. ‘नाळ’ लिहिलं की अमराठी माणूस ‘नाल’ वाचतो, आणि मग तेच नाव संकेतस्थळांवरून मराठीत उलटं येतं. १८७२ च्या सुमारास आपली नावं रोमन लिपीत लिहायची हंटरची पद्धत सरकारनं उचलली तेव्हा निदान एका नावाची दहा रूपं थांबली, पण आपले ट, ढ, ण, ळ असे मूर्धन्य वर्ण त्या साध्या छापील रूपात मिळाले नाहीत. सर्वेक्षकाला वाटाड्यानं तोंडी सांगितलं, त्यानं ऐकून इंग्रजीत लिहिलं, आपण शंभर वर्षांनी ते वाचून देवनागरीत लिहितो. दोन्ही वेळा गाळण होते. उलट आजोबांच्या मोडीत ‘ढ’ हा ‘ढ’च आहे.

---

धरणापलीकडची | ९ जानेवारी, रात्री १०:२०

काल आईकडे दौंडला गेले होते. ताईंनी दिलेले चार तुकडे मोठ्या कागदावर छापून नेले.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. मी नदी दाखवली, इथून वाहते म्हटलं. तिनं चष्मा पुसला आणि नदीवर बोट ठेवून उलट्या दिशेनं, वर, सरकवत नेलं. एका वळणावर थांबली. म्हणाली, ‘इथं आमचा डोह.’ नकाशावर डोह नाही, नुसतं वळण आहे. मग तिथून बोट उजवीकडे, दोन बारीक ओढ्यांच्या मधल्या ठिपक्यावर. ‘हे आमचं घर न्हाय, हे देवळाकडचं. आमचं घर खाली, ओढ्याला लागून.’ मी ठिपक्याशेजारचं नाव वाचलं. आमच्याच गावाचं होतं.

दर १२ जुलैला पुण्यात पानशेत धरण फुटून आलेल्या पुराची आठवण निघते. निघायलाच हवी, १९६१ चा तो दिवस शहर कसं विसरेल. पण धरण भरलं तेव्हा ज्यांची घरं खाली गेली त्यांच्याबद्दल त्या दिवशी कुणी बोलताना मी ऐकलं नाही. आईनं काल पहिल्यांदा डोहापासून देवळापर्यंतची वाट, कुणाचं शेत कुठं, कुणाचा आंबा कुठं, असं ओळीनं सांगितलं. मी रेकॉर्ड करून ठेवलंय. कागद तिनं ठेवून घेतला.

उंबरठाताई, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार.

---

उंबरठा | ९ जानेवारी, रात्री ११:००

ताई, काय लिहू. मूळ नकाशा बघायला आईंना घेऊन कधीही घरी या.

---

भटकी_वही | १० जानेवारी, दुपारी १२:१०

असा नकाशा नेटवर टाकायला परवानगी लागते का? टोपोशीट म्हणजे गोपनीय, असं ऐकून आहे.

---

अक्षांश | १० जानेवारी, दुपारी १:००

तो काळ गेला. २००५ च्या धोरणात नागरी वापराचे नकाशे वेगळे केले, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी बहुतेक पूर्वपरवानग्या काढून टाकल्या. १:५०,००० ची खुली शीट सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क ६० वर्षांचा, हे नकाशे त्याच्या पलीकडचे आहेत.

---

उंबरठा | २६ जानेवारी, रात्री ९:३०

काल सिंगापूरला जाऊन आले. बरोबर नाळेतला, वेल्ह्याचा पोर आणि त्याचे मामा. मूळ नकाशा घरीच ठेवला, जोडाजवळचा भाग चौपट मोठा करून छापून नेला होता.

गावातल्या एका आजींच्या ओसरीवर कागद पसरला. वय त्यांना सांगता येत नाही. त्यांना मी काही समजावलं नाही, फक्त तोरणा कुठे, रायगड कुठे एवढं दाखवलं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला: ‘सूर्य कुठनं उगवतो याच्यात?’ कागद फिरवून पूर्वेला पूर्व केली. मग त्या सरकून बसल्या आणि सांगायला लागल्या. मी पेन घेऊन बसले आणि त्या म्हणतील तसं, त्यांच्याच उच्चारात, देवनागरीत लिहीत गेले. नकाशावर त्या भागात पाच नावं छापलीत. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एकवीस झाली. ओहोळांना नावं आहेत, सपाटीच्या तुकड्यांना आहेत, एका मोठ्या दगडालाही आहे, कारण ओझं टेकवायची जागा तीच.

‘बैल उतरत नाही’ हे मी वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, ‘बैल कसा उतरंल? बैल आणायचे तर पार लांबनं, दुसऱ्या घाटानं.’ मग स्वतःहून म्हणाल्या, ‘उंबराचं पाणी होळीपतोर.’ मी अजून तिसरा मजकूर वाचलाही नव्हता.

दुपारी मामांनी आम्हाला पाण्याच्या वाटेवर नेलं. वरचा टप्पा चांगला आहे. कातळात पाय ठेवायला खोबण्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या. त्याखाली दरडीचे दगड आलेत, मोठाले, हलणारे. मामा तिथेच थांबले. म्हणाले, पुढे नको. आम्ही ऐकलं. थांबलो तिथून खाली, अंदाजे शंभर फुटांवर, कड्याच्या पोटाशी हिरवं दिसत होतं. उंबर आहे का ते ओळखता आलं नाही, पण जानेवारीच्या शेवटी बाकीचं सगळं पिवळं पडलेलं असताना तेवढंच हिरवं होतं. नाळेतलाच्या दुर्बिणीतून ओली काळी रेघही दिसली.

परत येऊन आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग हाय की.’

---

रेघोटी | २७ जानेवारी, सकाळी ६:५०

एकवीस नावं! प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं, कुठल्या दिवशी, आणि ते ओढ्याचं की टेपाडाचं, एवढं आजच लिहून काढा. आठ दिवसांनी आठवत नाही, अनुभवानं सांगतो. मला पाठवलंत तर पारदर्शक कागदावर शाईनं नेटका आराखडा काढून देईन. हात अजून चालतो.

खोबण्यांचा फोटो आहे का?

---

उंबरठा | २७ जानेवारी, सकाळी ८:०५

आहे, काढून ठेवलाय. नावं रात्रीच वहीत उतरवली काका, रविवारी घेऊन येते. मोडीवाचक, तोरण्याजवळचा ‘मुले १७’च्या पुढचा पुसट मजकूर मी तिरप्या उजेडात पुन्हा टिपलाय, त्यात गावाचं नाव असावं. तेवढं बघाल? शिमग्याच्या आत एकदा मोहरीलाही बसायचंय. वेल्ह्याचा पोर म्हणतो तिथे आणखी दोन म्हाताऱ्या आहेत, ज्या कोकणातून लग्न होऊन नाळेनं वर आल्या.